टायर घासून घ्या

चष्मेवाल्यांचा संताप टायरच्या दुकानातच सुरू झाला होता, आणि खरं सांगायचं तर त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. माणसाने तीन महिने अभ्यास करायचा, वहीची चाळीस पानं भरायची, आणि दुकानदाराने त्या वहीकडे ढुंकूनही न बघता म्हणायचं, "हे घेऊन जा साहेब. पाच वर्षं टायरकडे बघायला नको." चष्मेवाल्यांना पाच वर्षांशी काही कर्तव्य नव्हतं. त्यांना पन्नास सेकंदांशी कर्तव्य होतं.

त्यांचं चष्म्याचं दुकान. दिवसभर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत "हे स्पष्ट की हे?" असं विचारायचं, आणि रविवारी ऑटोक्रॉस. ऑटोक्रॉस म्हणजे काय हे त्यांनी इतक्या लोकांना समजावून सांगितलं होतं की आता कोणी नुसतं विचारलं तरी त्यांचं डोकं फिरायचं. मोकळ्या पार्किंगमध्ये नारिंगी शंकू मांडून वळणावळणाचा रस्ता आखायचा, एका वेळी एकच गाडी सोडायची आणि घड्याळ लावायचं; एक फेरी पन्नासएक सेकंदांची. शंकू पाडला की दोन सेकंद दंड. गाडी आपली रोजचीच, भाजी आणायची. चष्मेवाले ज्या गटात होते तिथे टायरही रोजचेच लागायचे. टायरच्या कडेवर झिजेचा आकडा छापलेला असतो, तो दोनशेच्या खाली नको, एवढीच अट. आकडा जितका लहान तितकं रबर नरम. नरम रबर रस्त्याला चिकटून राहतं आणि झिजतंही भराभर.

त्या गटाचा आणखी एक नियम होता आणि तो माणुसकीला धरून नव्हता. वार्षिक शर्यतीत जो शेवटचा येईल त्याने पुढच्या वार्षिक शर्यतीपर्यंत गाडी चालवायची नाही. दर रविवारी चकाकत्या पट्ट्यांचं जाकीट घालून उन्हात उभं राहायचं आणि इतरांनी पाडलेले शंकू उचलून जागेवर ठेवायचे. गेल्या वर्षी ही पाळी चष्मेवाल्यांवर आली होती. तेही एक वेळ त्यांनी सोसलं असतं. पण त्यांचे साडू, म्हणजे त्यांच्या मेहुणीचे यजमान, दातांचे डॉक्टर, त्याच क्लबात होते. हा माणूस शंकू पाडायचा, मग गाडीची काच खाली करून, एखाद्या पेशंटला चूळ भरायला सांगावं तशा आवाजात म्हणायचा, "साडूभाऊ, तेवढा सरळ करून ठेवा हं." बावन्न रविवार. चष्मेवाल्यांनी बावन्नही मोजले होते.

तेव्हा या वर्षी काहीही होवो, शेवटचं यायचं नाही. गाडी तीच, हात तेच, मग बदलण्यासारखं उरलं काय? टायर. म्हणून ती चाळीस पानं. दोनशे आकड्याचे दोन टायर त्यांनी वेगळे काढले होते. एक चटकन पकड घ्यायचा. दुसऱ्याच्या बाजू कडक होत्या, वळणावर गाडी झुकायची नाही, पण तो गरम झाल्याशिवाय पकडच घेत नाही असं सगळे लिहीत होते. पन्नास सेकंदांत गरम काय होणार, कपाळ? साडूंनी तीनशे चाळीसचे बसवले होते आणि "टिकाऊपणालाही किंमत असते" असं भेटेल त्याला ऐकवत होते. शेजाऱ्यांनी सल्ला दिला, न्हाव्याने दिला, चष्म्याचा नंबर तपासायला आलेल्या एका बाईंनी खुर्चीत बसल्या बसल्या दिला. बायकोला वही दाखवली तर ती म्हणाली, "सगळे काळेच आहेत ना? मग घ्या की कुठलेही."

टायरच्या दुकानात शेवटी चष्मेवाल्यांनी टेबलावर वही आपटली आणि पहिलाच टायर हवा म्हणून सांगितलं. दुकानदार म्हणाला की वर्षभरात गुळगुळीत होतील. होऊ देत, हे म्हणाले. पावसात त्रास होईल. होऊ दे. मग दुकानदाराने हात टेकले.

"मग एक ऐका साहेब. नवा टायर साच्यातून निघतो तेव्हा वर तुकतुकीत थर असतो. शर्यतीआधी चांगले घासून घ्या."

घासून घ्या म्हणजे शे-दोनशे किलोमीटर गाडी फिरवून वरचा थर घालवा, हे चष्मेवाल्यांना कळलं. आठवडाभर ते रोज आपलं दुकान बंद करून गाडी फिरवत होते. पण त्या दिवशी टायरच्या दुकानात स्टुलावर त्यांचे सासरेही बसलेले होते. सासऱ्यांची उभी हयात एका मोठ्या हॉटेलात पितळी कठडे, दारांच्या मुठी आणि संगमरवरी जिने चमकवून घेण्यात गेली होती. निवृत्तीनंतर ते लेकींकडे आलटून पालटून राहायचे, आणि ज्या घरी असत तिथल्या नळांत तोंड दिसायचं. 'घासून घ्या' या शब्दांचा त्यांना ठाऊक असलेला अर्थ एकच होता. आठ दिवस ते वाट बघत होते. जावई रोज गाडी घेऊन जातात, धुळीने माखून परत आणतात, आणि घासायचं नाव नाही. विसरले असतील बिचारे, दुकानाचा केवढा व्याप, असं त्यांना वाटलं.

शर्यतीच्या दिवशी सकाळी सगळ्यांना रस्ता पायी फिरून बघायला तासभर देतात. कुठला शंकू कुठे आहे, कुठे वळायचं, कुठे ब्रेक मारायचा, हे डोक्यात बसवायचं असतं. चष्मेवाले आणि साडू एकाच रस्त्यावरून, एकमेकांशी न बोलता, तीन तीन वेळा फिरले. चौथ्या फेरीत साडू म्हणाले की हे वळण बाहेरून घ्यायचं असतं. मग चष्मेवाल्यांनी ते आतून कसं घेतात यावर इतकं भाषण केलं की त्यांच्या नंबराचा पुकारा झाला तरी ते तिथेच होते. धावत पळत गाडीपाशी आले. सासरे फडक्याला हात पुसत उभे होते.

"निश्चिंत जा जावईबापू," ते म्हणाले. "आता काही काळजी नाही."

चष्मेवाल्यांना वाटलं, आशीर्वाद आहे. त्यांनी वाकून नमस्कारही केला आणि गाडीत बसले.

झेंडा पडला. पहिलं वळण डावीकडे होतं. चष्मेवाल्यांनी स्टिअरिंग डावीकडे वळवलं आणि गाडी सरळ गेली. तीन शंकू गेले. उजवीकडे वळवलं तर गाडी आडवी झाली आणि दोन शंकू मागच्या बाजूने गेले. ब्रेक मारला तेव्हा गाडीने ब्रेकचं मनावरच घेतलं नाही. तीन महिने अभ्यास करून, अवघ्या जगाशी भांडून निवडलेला टायर, आणि तो साबणासारखा सरकत होता. अकरा शंकू पाडून ते शेवटच्या रेषेपाशी आले, तेही मागच्या बाजूने. एक मिनिट एकोणचाळीस सेकंद.

लगोलग साडूंचा नंबर होता. त्यांचीही गाडी पहिल्याच वळणावर घसरली, पण चष्मेवाल्यांची गत बघून ते आधीच धास्तावले होते. पुढचा सगळा रस्ता त्यांनी बैलगाडीच्या वेगाने काढला. चार शंकू, एक मिनिट बारा सेकंद. त्यांनी टायरवाल्याला, मैदानाला आणि मैदान झाडणाऱ्याला नावं ठेवली. यादी लागली तेव्हा गटातल्या दहा जणांत चष्मेवाले दहावे होते, साडू नववे आणि क्लबाचे सेक्रेटरी आठवे. सेक्रेटरी स्वतःही त्याच गटात गाडी चालवायचे आणि निकालही तेच जाहीर करायचे, कारण दुसरं कोणी ते काम घ्यायला तयार नव्हतं.

चष्मेवाले गाडीपाशी परतले आणि तेव्हा कुठे त्यांनी टायर नीट पाहिले. चारही टायर काळ्या आरशासारखे चकाकत होते. कडाच नव्हे, रस्त्याला टेकणारा भागसुद्धा.

"बाबा, हे काय आहे?"

"घासले," सासरे कौतुकाने म्हणाले. "आधी ब्रशने, मग वरून दोन हात पॉलिश. दोघा मुलांकडून गाडी हातभर पुढे ढकलून घेतली, खालचा भागही सोडला नाही. दुकानदाराने एवढं बजावून सांगितलं होतं, आणि तुम्ही आपले नुसते गाडी फिरवत होतात."

सासऱ्यांवर ओरडता येत नाही आणि टायरवर ओरडून उपयोग नसतो. तेवढ्यात हे सगळं ऐकत उभे असलेले साडू तरातरा सेक्रेटरींकडे गेले. टायरवर कुठलंही रसायन लावायला बंदी आहे, नियम चौदावा, लावेल तो बाद, यादीतून नाव कमी, अशी त्यांनी तक्रार नोंदवली. सेक्रेटरी आले, गुडघे टेकून बसले, टायरचा वास घेतला आणि गंभीर झाले. म्हणाले, वास तर येतोय.

मग मात्र चष्मेवाल्यांचा बांध फुटला. आपण पंचवीस वर्षं चष्मे विकतो, एकाही माणसाला गरज नसताना चष्मा लावला नाही, आणि आपल्यावर लबाडीचा आळ? तोही नात्यातल्या माणसाने घ्यावा? मैदानावरचे सगळे भोवती जमले.

"मला एवढंच सांगा," चष्मेवाले कडाडले, "लबाडी करायची तर माणूस पहिला यायला करेल. शेवटचा यायला कोण लबाडी करतं?"

लोक हसले, माना डोलावल्या. सेक्रेटरीसुद्धा विचारात पडले. बाजी फिरणार असं दिसत असतानाच बायकोने चष्मेवाल्यांचा दंड धरला आणि हळूच विचारलं, "अहो, तुम्ही बाद झालात, तर मग शेवटचं कोण?"

चष्मेवाले वाक्याच्या मध्यावर थांबले. त्यांनी यादीकडे पाहिलं, साडूंकडे पाहिलं, घसा खाकरला.

"अर्थात," ते म्हणाले, "नियम तो नियम. रसायन लागलंय हे खरं आहे. मी बाद व्हायला तयार आहे."

हा हिशेब साडूंच्याही डोक्यात त्याच क्षणी शिरला. त्यांचा चेहरा दाढ उपटल्यासारखा झाला. आपण तक्रार रागाच्या भरात केली, आपले साडूभाऊ म्हणजे सोन्यासारखा माणूस, त्यांच्या हातून असं घडणंच शक्य नाही, तक्रार मागे घेतो, असं ते घाईघाईने म्हणाले. चष्मेवाल्यांना ते सहन झालं नाही. मागे कशी घेता, मी गुन्हा केला आहे, असं त्यांनी ठणकावलं. साडू म्हणाले, तुम्ही निर्दोष आहात. चष्मेवाले म्हणाले, तोंड सांभाळून बोला.

"अहो, भांडताय कशाला?" सासरे मध्ये पडले. "मी दोघांच्याही गाड्यांचे टायर घासलेत. एका जावयाचे घासायचे आणि दुसऱ्याचे तसेच ठेवायचे, हे बरं दिसतं का? उद्या धाकटी म्हणाली असती, बाबांनी दुजाभाव केला."

साडू आपल्या गाडीकडे धावले, खाली वाकले आणि वाकलेलेच राहिले. लोकांत कुजबुज सुरू झाली की आता दोघेही जावई बाद. सेक्रेटरींनी नववं आणि दहावं नाव खोडण्यासाठी पेन काढलं. यादीवर ते टेकवलं. मग त्यांची नजर त्या दोन नावांच्या वर, आठव्या ओळीवर गेली आणि पेन तिथेच थांबलं. बराच वेळ ते स्वतःचंच नाव वाचत राहिले.

शेवटी त्यांनी पेनला टोपण लावलं.

"नियमात रसायन म्हटलंय," ते म्हणाले. "हे पॉलिश आहे. पॉलिश म्हणजे स्वच्छता. स्वच्छता केली म्हणून हा क्लब कोणालाही बाद करणार नाही. निकाल आहे तसाच राहील."

चष्मेवाल्यांनी पुष्कळ आरडाओरडा केला. पॉलिशच्या बाटलीवर रसायनांची यादी छापलेली आहे, ती वाचा तरी, असं म्हणून ती त्यांनी सेक्रेटरींच्या नाकासमोर नाचवली. अक्षरं बारीक आहेत, आपल्याला दिसत नाहीत, असं सेक्रेटरी म्हणाले. वर त्यांनी चष्मेवाल्यांचा हात हातात घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की शेवटचा यायला कोण लबाडी करतं, हा मुद्दा बिनतोड होता, तो आपल्याला पूर्ण पटला, आणि या सज्जन माणसावर आता कसलाही डाग उरलेला नाही. मग त्यांनी चकाकत्या पट्ट्यांचं जाकीट स्वतःच्या हाताने चष्मेवाल्यांच्या खांद्यावर चढवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात साडूंनी वाजवल्या.