उरलेल्या आंब्यांचं गणित

शिकवण्याच्या बाबतीत या डोंगराच्या पायथ्याला माझा हात धरणारा कोणी नाही! हे मी स्वतःच सांगणं बरं दिसत नाही, पण दुसरं कोणी सांगत नाही त्याला मी काय करणार? पाचवीचा वर्ग माझा. गेल्या वर्षी सरकारी चाचणीत आमची शाळा तालुक्यात तळाला गेली, तेव्हा मुख्याध्यापिका सुमियाती बाईंनी मला चहाला बोलावलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "वार्सितो गुरुजी, यंदाही असंच झालं तर तुम्हाला पहिलीचा वर्ग द्यावा म्हणते." आमच्याकडे आवाज जितका मऊ, तितकं प्रकरण गंभीर. पहिलीचा वर्ग म्हणजे सकाळभर भोकाड पसरणारी आणि नाक पुसायला माझीच बाही शोधणारी पोरं.

पण मीही कच्च्या गुरूचा चेला नव्हे. चाचणीत गणित-वाचन असतंच, शिवाय मुलांचा स्वभाव तपासणारे प्रश्न असतात. गणित सुधारायला वर्षं लागतात, स्वभावाला महिना पुरेल, असा मी हिशेब केला. गोतोंग रोयोंग, म्हणजे एकाची अडचण झाली की साऱ्यांनी धावून जायचं, हा तर आमच्या गावाचा धर्मच. मी वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलं, 'कुणी मदत मागायची वाट पाहू नका'. आणि मुलांकडून रोज घोकून घेतलं, "नुसतं म्हणायचं नाही, करायचं!"

चाचणीच्या दिवशी शेजारच्या शाळेतले हर्योनो सर देखरेखीला आले. कडक माणूस. मुलं उसन्या लॅपटॉपपुढे बसली. नियमाप्रमाणे मी बाहेर, ओसरीत. खिडकीतून बघू नये असा नियम मात्र नव्हता.

पहिलाच प्रश्न स्वभावाचा. 'मित्राला काम जमत नसेल तर तू काय करशील?' रत्री ही आमची सगळ्यात हुशार मुलगी. तिनं 'मदत करीन' हे उत्तर दाबलं, आणि उठून सरळ शेजारी अडखळत बसलेल्या गियांतोच्या लॅपटॉपपुढे जाऊन बसली.

"ए मुली, जागेवर बस," हर्योनो सर म्हणाले.

"सर, याला जमत नाहीये."

"न जमू दे. परीक्षा आहे ही."

"पण आत्ताच मी मदत करीन असं उत्तर दिलंय. मग ते खोटं नाही का होणार?"

सरांनी भिंतीवरची माझी अक्षरं वाचली आणि ते आपल्या खुर्चीत जाऊन बसले. अभिमानानं माझी छाती फुगली. तेवढ्यात नेट गेलं.

"आता काय करायचं?" सर स्वतःशीच म्हणाले. गियांतोनं ते मनावर घेतलं. तो धावत ओसरीत आला आणि तिथे टांगलेला पोकळ बांबू दणादणा ठोकू लागला. हा बांबू वाजतो तो आग लागली किंवा दरड कोसळली तरच. मी त्याचा हात धरेपर्यंत मळ्यातून माणसं निघालीसुद्धा. कुणाकडे शिडी, कुणाकडे कुदळ, कुणाकडे पाण्याच्या बादल्या.

"कुठं लागलीय?"

"आग नाही हो, नेट गेलंय," मी म्हटलं.

"मग तसं सांगायचं," म्हणाले तुकिमिन आजोबा. शेळ्यांचे व्यापारी, आणि गावात सगळ्यांत वडील. त्यांनी एक लांबलचक बांबू आणवला, त्याच्या टोकाला नेटची डबी बांधली आणि तरण्या गड्यांना तो आळीपाळीनं उंच धरायला लावला. नेट आलं! तोवर बायकांनी चूल मांडून सोयाबीनचं तेंपे तळायला घेतलं होतं. हर्योनो सरांच्या एका हातात गोड चहा आला, दुसऱ्या हातात गरम तेंपे. पाहुण्यानं नको म्हणायची आमच्याकडे रीत नाही, आणि तोंड भरलेल्या माणसाला ओरडता येत नाही.

एवढं गाव गोळा झालं, ते लगेच परत कसं जाणार? खिडक्या डोक्यांनी भरून गेल्या. आत रत्रीनं पुढचा प्रश्न सगळ्यांसाठी मोठ्यानं वाचला, "चोवीस आंबे पाच मित्रांत सारखे वाटले. शिल्लक किती? चार."

"चार कसे गं?" खिडकीतून तुकिमिन आजोबा म्हणाले. "उरलेले आंबे आपण कुठं पाठवतो?"

"वार्सितो गुरुजींच्या घरी," सारा वर्ग एका सुरात म्हणाला.

"मग शिल्लक?"

"काही नाही."

झाडून सगळ्यांनी शून्य लिहिलं. रत्रीनंसुद्धा. मी दुसऱ्या खिडकीतून चार बोटं नाचवून नाचवून थकलो. आजोबांनी येऊन माझा हात प्रेमानं खाली केला.

"लाजू नका गुरुजी. चार आंब्यांचं ते काय एवढं!"

निकाल लागला आणि सुमियाती बाईंनी मला चहाला बोलावलं. आवाज लोण्यासारखा.

"अभिनंदन, गुरुजी. स्वभावात आपली शाळा तालुक्यात पहिली."

"आणि गणितात?"

"गणितात आपण आपली जागा सोडलेली नाही."

"मग... पहिलीचा वर्ग?" माझा आवाज चिरकला.

"छे, छे. इतका चांगला स्वभाव शिकवणाऱ्याची पाचवी कशी काढून घेईन?" माझा जीव भांड्यात पडला. "फक्त पहिलीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर चालल्यात."

एवढं बोलून बाई खिडकीबाहेर बघत शांतपणे चहा पीत राहिल्या. समोर माझा वर्ग, आणि त्याच्या भिंतीवर माझीच अक्षरं. बाईंनी मदत मागितली नाही. मागायची वाट पाहायची सोय मीच ठेवली नव्हती.

सध्या दोन्ही वर्ग माझ्याकडे आहेत. सदऱ्याच्या दोन्ही बाह्या पहिलीच्या सेवेत आहेत. गावातून उरलेले आंबे येतात, पण घरी न्यायच्या आत पहिलीची पोरं त्यांचा फडशा पाडतात. शिल्लक काही राहत नाही. तुकिमिन आजोबांचं उत्तर तसं बरोबरच होतं म्हणायचं.