नारायणभाऊ आणि चिकट भात

नारायणभाऊ हॉटेलात गेले की मेन्यूकार्ड बघत नाहीत, आधी भात मागवतात. भात आला की एक शीत उचलून टेबलावर ठेवतात, अंगठ्यानं दाबतात आणि चष्मा कपाळावर चढवून त्याच्याकडे बघत बसतात. शेजारच्या टेबलावरचे लोक हातातला घास हातात ठेवून आमच्याकडे बघायला लागतात. मग निकाल लागतो. "मागच्या सालचा तांदूळ हाये, सर. मिलवाल्यानं पॉलिश जास्त मारलं." वेटर आत जाऊन विचारून येतो आणि ते खरं निघतं. हे मी चंद्रपुरातल्या पाच हॉटेलांत पाहिलं आहे आणि पाचही ठिकाणी मान खाली घालून बसलो आहे.

माणसाचं सगळं आयुष्य चामोर्शीच्या राइस मिलमध्ये गेलं. रिटायर झाल्यावर दोन वर्षांपूर्वी चंद्रपुरात आमच्या शेजारी राहायला आले. बायको केव्हाच वारलेली, एक मुलगी बंगलोरला नोकरीला, एवढंच मला ठाऊक. मी शाळेत गणित शिकवतो, पण आमच्या गल्लीत हिशोबापेक्षा नारायणभाऊंच्या भाताला जास्त मान आहे. "भात सांगते" हे त्यांचं पालुपद. माझ्या भाचीचं स्थळ बघायला मी त्यांना सोबत नेलं, तर मुलगा काय करतो, किती शिकला, काही नाही. घरी येता येता म्हणाले, "पाव्हन्याले कनीचा, तुटक्या तांदळाचा भात वाढला. नाई म्हनून सांगा." डॉक्टरांनी शुगर बघून भात कमी करा म्हटलं, तर यांनी डॉक्टरच बदलला.

असा माणूस या मे महिन्यात मला म्हणतो, "सर, बुधवारी त्या चायना-जपानच्या हॉटेलात जेवाले जाऊ."

नागपूर रोडला ते नवं एशियन हॉटेल निघालं आहे. आमच्याकडे मे महिन्यात नळाचं पाणीसुद्धा चहासारखं येतं, त्यामुळे सगळं चंद्रपूर तिथं एसीत येऊन बसतं. बांबूच्या टोपल्या उलट्या टांगून केलेले दिवे, मोठ्यानं गाणी, दर अर्ध्या तासाला कोणाचा तरी वाढदिवस. मेन्यूत पनीर टिक्का सुशी आहे आणि सावजी रामेनसुद्धा आहे, म्हणजे आपला सावजी रस्सा आणि त्यात शेवया. मी विचारलं, "काऊन भाऊ, तिथंच काऊन?"

"एसी हाये," ते म्हणाले.

तिथं त्यांनी चिकट भात मागवला. शीत दाबलं तर ते अंगठ्यालाच चिकटून वर आलं. भाऊंनी ते बराच वेळ न्याहाळलं. "हा भात नाई, सर. लग्नाची पाकिटं चिकटवाची खळ हाये." मला वाटलं, संपलं, आता उठायचं. पण त्यांनी ती वाटी चाटूनपुसून संपवली आणि म्हणाले, "पुढच्या बुधवारी पुन्हा येऊ."

पुढच्या बुधवारी बांबू शूट सूप आलं. त्यांनी चमच्यानं ढवळून एक तुकडा वर काढला. "हे तं वास्ते हायेत! पावसात आमच्याइथी बाजारात टोपलंभर भेटते." मग वेटरला बोलावून, वास्ते रात्रभर पाण्यात ठेवून कडूपणा कसा काढायचा, हे शिकवलं. गाण्याचा आवाज कोणत्या टेबलावर कमी येतो, वाढदिवसवाले कुठं बसतात, हेही विचारून घेतलं. बुधवारच्या बुधवारीच काऊन, म्हटलं, तर म्हणाले, "वाराप्रमाने गर्दी बदलते." मी गणिताचा मास्तर असून मला यातलं काही कळेना.

तिसऱ्या बुधवारी त्यांनी हातानं खायचं सोडून त्या दोन काड्या मागवल्या. एक मोमो कसाबसा धरला, उचलला, तोंडाजवळ आणला आणि तो निसटून सरळ पलीकडच्या बाईच्या सरबताच्या ग्लासात गेला. मी टेबलाखाली वाकून काही तरी शोधायला लागलो. नारायणभाऊ मात्र उठून तिच्याजवळ गेले, हात जोडले आणि म्हणाले, "बाई, तो माझा हाये." ती बाई इतकी हसली की तिच्या नवऱ्याला तिची पाठ थोपटावी लागली. जाताना भाऊंनी त्या काड्या रुमालात गुंडाळून खिशात घातल्या. घरी येऊन मी बायकोला सांगितलं, भाऊंचं डोकं उन्हानं सरकलं आहे.

दोन दिवसांनी भरदुपारी बायकोनं दिलेलं आंब्याचं पन्हं घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. भाऊ बनियनवर, कूलरसमोर मांडी घालून बसलेले. पुढ्यात दोन वाट्या. एका वाटीतले सुके वाटाणे काड्यांनी उचलून दुसऱ्या वाटीत टाकत होते, आणि जीभ पोरासारखी बाहेर आलेली. मला पाहून त्यांनी काड्या मांडीखाली दडवल्या. मग स्वतःच बाहेर काढल्या.

"माही पोरगी कविता येऊन राह्यली, सर. बुधवारी."

तेव्हा मला सगळं कळलं. तीन वर्षांपूर्वी मुलीनं मिझोरमच्या एका मुलाशी लग्न केलं आणि त्याला घेऊन ती चामोर्शीच्या घरी आली. भाऊंनी दोघांना ओसरीच्या आत येऊ दिलं नाही. "कुकर लागला होता, सर. शिट्ट्या झाल्या. तिनं ऐकल्या. अन् मी बसा म्हटलं नाई. पोरगी माह्या दारातून उपाशी गेली." त्यानंतर बोलणं बंद. आता ती कामासाठी नागपूरला येणार असल्याचं भाऊंच्या कानावर आलं. भाऊंनी फोन केला, रडले, भेट म्हणून विनवलं. ती एवढंच म्हणाली, आम्ही दोघं चंद्रपूरला येऊ, पण घरी नाही, बाहेर कुठे तरी जेवू. म्हणून भाऊंनी जावयाला आवडेल असं हॉटेल शोधलं होतं, आणि त्याच्यासमोर फजिती होऊ नये म्हणून हा सराव चालला होता.

"मिझोरम आपल्याच देशात आहे, भाऊ," मी म्हटलं.

"ते मले समजते. पन ते लोक काड्यांनीच जेवत असतील ना?"

असतील, असं मलाही वाटलं. खोटं कशाला सांगू.

त्या बुधवारी धीराला म्हणून त्यांनी मलाही नेलं. कविता आली ती चेहरा घट्ट करूनच. तिचा नवरा, माविया, शांत आणि हसरा मुलगा. त्यानं वाकून भाऊंच्या पाया पडायचा प्रयत्न केला आणि भाऊ गडबडून खुर्चीवर आपटले. सगळं यांच्या हुकमाप्रमाणे आलं. कोपऱ्यातलं टेबल, वास्त्याचं सूप, चिकट भात. भाऊंनी काड्या उचलल्या, एक घास धरला आणि हात जरासुद्धा न थरथरता तोंडात घातला. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

माविया तिकडे बघतच राहिला. मग उठून हात धुऊन आला आणि पाची बोटांनी भात कालवायला लागला. "बाबा, हम लोग तो हाथ से ही खाते हैं," तो म्हणाला. "तीनों टाइम चावल."

भाऊंनी काड्या खाली ठेवल्या. त्यांचं तोंड एवढंसं झालं. महिनाभराची मेहनत पाण्यात गेली होती आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

"ये अच्छा है," माविया खाताखाता म्हणाला. "लेकिन कविता बोलती है, आपके घर का चावल पूरी गली में महकता है."

"माविया," कवितानं त्याला दटावलं. पलीकडे कोणाचा तरी केक कापत होते.

नारायणभाऊ ताटाकडे बघत म्हणाले, "तांदूळ निवडून ठेवला हाये. घरी." थोड्या वेळानं म्हणाले, "रोजच ठेवतो."

पाण्याचा ग्लास उचलून कवितानं तसाच खाली ठेवला.

"किती जणांचा, बाबा?"

"तिघांचा."

कवितानं पर्स उचलली आणि उभी राहिली. "चला मग," ती म्हणाली, "कुकर मी लावते."