उत्कर्षाचं जागरण

उत्कर्षाला रात्रभर झोपू द्यायचं नाही, असं सांगलीच्या डॉक्टर शिवांजलींनी बजावलं होतं. सहा वर्षांची उत्कर्षा अजून बोलत नव्हती, कुणाच्या डोळ्यांत बघत नव्हती आणि एका जागी बसणं तिला ठाऊकच नव्हतं. अशा मुलांचा मेंदू कसा वाढतो, याचा डॉक्टर अभ्यास करत होत्या. त्यासाठी एमआरआयच्या मशीनमध्ये पोरीनं निपचित पडायला हवं होतं. गुंगीचं औषध द्यायचं नव्हतं. जागरण झालेलं पोर आपसूक झोपेल, असा त्यांचा अंदाज.

उत्कर्षा जागी राहिली, अगदी मजेत, वाटी गरागरा फिरवत. डुलक्या आल्या त्या आईबापाला. मंगल मल्हारला चिमटे काढत होती, मल्हार मंगलला. सकाळी कवठे महांकाळहून एसटी सुटली तसं मल्हारचं डोकं शेजारच्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर गेलं, आणि तिथून त्याच्या मांडीवरच्या मेथीच्या पिशवीत. पोरगी सांगलीपर्यंत खिडकीच्या गजावर ठेका धरून होती.

मशीनच्या खोलीत धातू चालत नाही. मंगळसूत्र काढायला मंगल काही तयार होईना. ती बाहेर बाकावर बसली आणि मल्हार पोरीला घेऊन आत गेला. ते बोगद्यासारखं तोंड बघून उत्कर्षानं दाराशीच बसकण मारली.

"तुम्ही आधी झोपून दाखवा," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्हाला बघून तिची भीती जाईल."

मल्हार आडवा झाला. डोक्याखाली मऊ उशी, कानांवर आवाज अडवणाऱ्या छोट्या गाद्या, अंगावर पांघरूण. पोरीचेही कान झाकून डॉक्टरांनी आवाजाची सवय व्हावी म्हणून मशीन थोडा वेळ धडधडवलं आणि बंद केलं. मशीन थांबलं, पण आवाज थांबला नाही. मल्हार घोरत होता.

डॉक्टरांनी हाका मारल्या. मग हलवायला हात पुढे केला. तेवढ्यात उत्कर्षा उठून आली, बापाच्या पायाचा अंगठा तिनं मुठीत धरला, डॉक्टरांच्या डोळ्यांत बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"शू."

डॉक्टरांचा हात तसाच राहिला. बाहेर पुढचा पेशंट कुरकुरत होता. पोरगी अंगठा धरून बसून राहिली, स्कॅनला लागला असता त्याहून जास्त वेळ, जराही न हलता.

मल्हार जागा झाला आणि डोळे चोळत त्यानं विचारलं, "झाला का फोटू?"

फोटो झाला नव्हता. पुन्हा यावं लागणार होतं, म्हणजे पुन्हा जागरण. त्याचं तोंड उतरलं. मग डॉक्टरांनी घडलेलं सांगितलं.

"कशी म्हणली?"

डॉक्टरांनी ओठांवर बोट ठेवून दाखवलं.

"परत एकदा करा की, मॅडम."

त्यांनी परत केलं.

बाहेर बाकावर मंगलची मान एका बाजूला कलली होती. तिला उठवून मल्हारनं सगळं जसंच्या तसं करून दाखवलं, बोटासकट. मंगल लेकीकडं बघतच राहिली.

"तुमी बगितलं?" तिनं हळूच विचारलं.

"न्हाई," मल्हार म्हणाला. "मी झोपलो हुतो."