नमुन्यांत शत्रू घालण्याची मोहीम

आरमाराच्या आराखडा कचेरींत, जेथें हवा थंड आणि चहा त्याहून थंड, तेथें जें घोर रण माजलें त्याची हकीकत लिहितों. पुढिलांनीं वाचून शहाणें व्हावें. मागील जाहले नाहींत.

नवी युद्धनौका करणें होती. पूर्वी तोफा एक करी, रडार दुसरा, इंजिन तिसरा, आणि समुद्रांत गेल्यावर त्यांची एकमेकांस ओळख पटत नसे. म्हणोन हुजुरांनीं, म्हणजे संचालकसाहेबांनीं, फर्मान काढिलें जे नौका ही एकच यंत्रणा समजावी, आणि दोन खात्यांच्या शिवेवर जें येईल त्यावर उभयतांनीं सही करावी, सहीवांचून कांहीं नमुन्यांत जाऊं नये. मग तोफखान्याचे सरदार आणि रडारखात्याचे सुभेदार लॅपटॉप परजून आले, आणि केबल कोणाच्या भिंतींतून न्यावी यावर तुंबळ जाहलें, आणि मग सह्या जाहल्या, आणि संगणकावर नौकेचा नमुना लढविला, तों फत्ते! पुन्हा लढविला, पुन्हा फत्ते! नौकेस ओरखडा नाहीं. टाळ्यांनीं दालन दणाणलें.

जुळणीवाल्या बाई, ज्यांचें काम सर्व खात्यांचा मेळ घालणें, त्यांचा धाकटा भाऊ याच नौकेवर गोलंदाज म्हणोन जाणार होता. त्यांस या यशाचा धसका बसला. त्यांनीं नमुना उसवून पाहिला, तों आंत शत्रूच नाहीं! तोफखान्यास वाटलें तो रडारवाले घालतील, रडारवाल्यांस वाटलें तोफखाना घालील. सही कोणाचीच नाहीं, सबब शत्रू बाहेर ताटकळत राहिला.

मग बाईंनीं स्वतःच्या जबाबदारीवर शत्रू आंत सोडिला. रडारनें त्यास पाहिलें, तोफेस कळविलें, तोफेनें रीतसर पोंच मागितली, आणि पोंच येईतों नौका बुडाली. सरदारांच्या तोंडचें पाणी पळालें.

"अहो बाई, असा न सांगता टपकणारा शत्रू मागितला कुणी होता?"

"साहेब, शत्रू विचारून येतो का कधी? माझा भाऊ असणार आहे तिथे!"

हुजुरांनीं खलबत करून हुकूम केला जे नौका बदलल्यास मुदत टळेल, सबब शत्रूच बदलावा. त्यानें येण्याआधीं कळवावें, आणि पोंच मिळाल्यावांचून मारा करूं नये. बाईंचा संताप अनावर जाहला.

"मग त्या शत्रूचीही सही घ्या की!"

हुजूर प्रसन्न जाहले. पद्धत समजली ती एका बाईंसच, ऐसें बोलून सूचना तत्काळ मंजूर केली, आणि नमुना पुन्हा लढविला, आणि नौका अजिंक्य ठरली.

येणेंप्रमाणें विजय दप्तरीं दाखल जाहला. काम एकच उरलें, शत्रूची सही आणणें. तें कचेरींत बसून होण्याजोगें नाहीं, सबब भर समुद्रांत प्रत्यक्ष गांठ पडेल तेव्हां उरकण्यास गोलंदाजाकडे सोंपविलें. हें ऐकोन बाईंस भरसभेंत रडूं कोसळलें. तें हर्षाचें, ऐसें नोंदून फत्ते कायम केली.