महाराजांच्या गळ्यातली पट्टी

एका जंगलात कॉम्प्युटर होता. हसू नका रे पोरांनो, तुमच्या घरात काय काय आहे ते मी बघितलंय.

त्या जंगलात पाणवठा एकच. कुणी कधी प्यायचं ते हा कॉम्प्युटर ठरवायचा आणि भोंगा वाजवायचा. सकाळी हरणं, दुपारी गवे, संध्याकाळी वाघ महाराज. आपापल्या भोंग्याला आलं की कुणी कुणाला खायचं नाही. निदान पाण्यावर तरी नाही.

उन्हाळा लागला आणि कॉम्प्युटरचं डोकं तापायला लागलं. डोकं म्हणजे प्रोसेसर. तो तापला की भोंगा चुकायचा. एके दिवशी हरणं आणि महाराज एकाच वेळी पाण्यावर आले. ठिपकी नावाच्या चितळिणीची बहीण त्यानंतर कुणाला दिसली नाही. महाराजांनी दुसऱ्या दिवशी शोक व्यक्त केला. पोट भरलेलं होतं, त्यामुळे शोक चांगला झाला.

ठिपकीच्या पदरी आता दोन पाडसं. एक स्वतःचं, एक बहिणीचं. तिने भर सभेत तोंड सोडलं. कॉम्प्युटर थंड करा, नाहीतर आम्ही सगळे दुसऱ्या जंगलात जातो, मग बसा गवत खात.

गवताचं नाव काढल्यावर महाराज लगेच हलले. पाण्याने थंड करणारा कूलर मागवला गेला.

आता हा कूलर प्रोसेसरवर नुसता ठेवून चालत नाही. पट्टीने आवळून बसवावा लागतो. आणि प्रोसेसर ज्या बोर्डावर बसलेला असतो, त्या प्रत्येक बोर्डाची भोकं वेगळ्या अंतरावर असतात. म्हणून खोक्यात दोन तऱ्हेच्या पट्ट्या येतात. एक कूलरला आधीच लावलेली, दुसरी पुडीत. सोबत चित्रांचा कागदही येतो. तो कोण बघतं?

शिवाय त्या जंगलाची रीत अशी की वस्तू आली की आधी सत्कार, मग वस्तू. सत्काराचं सगळं सचिव कोल्ह्याकडे. ऐन वेळी पेटी उघडली तर शाली उंदरांनी कुरतडलेल्या. कोल्हा काही घाबरला नाही. त्याने कूलरच्या खोक्यातली पुडी फोडली. आत चार हातांची चकचकीत पट्टी, लांब स्क्रू आणि पत्र्याचे बारीकसारीक तुकडे. ती त्याने वेलीत ओवली, चारी टोकांना शोभेला स्क्रू लोंबते सोडले आणि महाराजांच्या गळ्यात घातली. टाळ्या पडल्या. उरलेले स्क्रू आणि तुकडे त्याने पुढच्या सत्काराला ठेवून दिले.

मग सुतारपक्ष्याला बोलावलं. त्याने कूलर असा धरून बघितला, तसा धरून बघितला.

"बसत नाही," तो म्हणाला. "पट्टीची भोकं बाहेर, बोर्डाची आत."

ठिपकीने खोक्यातला कागद उचलला. तिला वाचता येत नव्हतं, पण डोळे होते. चित्र बघितलं, बोर्ड बघितला, मग वर बघितलं.

"या बोर्डाची पट्टी ती आहे. महाराजांच्या गळ्यात."

कूलर न बसवताच सभा गार झाली.

महाराजांनी पट्टीवर पंजा ठेवला. कोल्ह्याने घसा साफ केला. "ठिपकीबाई, सत्काराची वस्तू परत मागायची आपल्यात पद्धत नाही. भोकं सरकवून घेऊ."

सुतारपक्षी म्हणाला, भोकं सरकत नाहीत, नवीन पाडावी लागतील. कोल्हा म्हणाला, मग पाडा, तुम्हाला चोच कशाला दिलीय. असं तोंडावर म्हटल्यावर तो बिचारा काय करणार? बोर्डाच्या पोटात केसाएवढ्या बारीक तारा असतात हे त्याला ठाऊक होतं. पण झाडाला कुठे विचारून भोक पाडतो आपण, असं मनाशी म्हणून त्याने चार भोकं पाडली.

कूलर बसला. गव्याने ढकलला तरी हलला नाही. बटण दाबलं, थोडा धूर निघाला आणि कॉम्प्युटर कायमचा गार पडला. कोल्ह्याने अहवालात लिहिलं की थंड करण्याचं काम पूर्ण झालं.

दुसऱ्या दिवशी भोंगा नाही. ठिपकी दोन्ही पाडसांना घेऊन झुडपाआड उभी. तहानेने पाडसांच्या जिभा बाहेर आलेल्या, पण पाण्यावर जायची तिची छाती होईना. तेवढ्यात लांबून आवाज आला. खुळखुळ, खण. खुळखुळ, खण.

महाराज येत होते. पट्टीवर स्क्रू आपटत होते.

ते आले, प्याले, गेले. आवाज टेकडीपलीकडे विरला तशी ठिपकीने पाडसांना पाण्यावर नेलं आणि पोटभर पाजलं. दुसऱ्या दिवशी अख्खा कळप आला. महाराज कुठे आहेत ते आता सशालाही कळायचं.

पंधरा दिवसांत महाराजांच्या बरगड्या दिसायला लागल्या. त्यांनी कोल्ह्याला विचारलं, शिकार आधीच पळते कशी? कोल्ह्याला सगळं कळलं होतं. पण पट्टी काढा म्हणावं तर ती घातली कुणी, हा प्रश्न निघणार.

"महाराज," तो म्हणाला, "तुमचा दरारा आता लांबूनच पोचतो."

महाराज खूश झाले आणि खुळखुळत उपाशी गेले.

पुढच्या सभेत ठिपकीने ठराव मांडला. बिबट्याने काय कमी काम केलंय? तरसाने? त्यांचाही सत्कार झाला पाहिजे. कुणी विरोध केला नाही. सगळ्यात जोरात मान हरणांनी हलवली.

"समारंभाचं महत्त्व पटलं म्हणायचं तुम्हाला," कोल्हा म्हणाला.

"पटलं की," ठिपकी म्हणाली. "स्क्रू तेवढे सैल लावा."

तात्पर्य : यंत्राचा कुठलाच भाग वाया जात नाही. यंत्रात बसेना तर साहेबांच्या गळ्यात घाला. तिथे तो मापाचा निघतो, आणि कागदही बघावा लागत नाही.