अस्सल घराण्याचे ब्रोच

बर्टिलाची सासू मरायला टेकली होती. पण ऱ्हाइनकाठच्या त्या गावच्या रीतीप्रमाणे तिला इतक्यात मरायची मुभा नव्हती.

रीत साधी होती. खानदानी बाई दोन्ही खांद्यांवर लाल खड्यांचे सोन्याचे ब्रोच लावूनच मातीत जाते. घरात जोडी एकच. बर्टिलाच्या मुलीचं लग्न ठरलेलं. जोडी सासूबरोबर पुरली, तर लग्नात बर्टिलाचे खांदे मोकळे.

"जोडी न पुरता चालेल का?" तिने गावप्रमुख गुंडोमारला विचारलं.

"चालेल की. मग म्हातारी गरीब ठरेल आणि तिची नात कोणी करून घेणार नाही."

"आणि पुरली तर?"

"तर तू गरीब ठरशील. निवड तुझी आहे. रीत कोणावर सक्ती करत नाही."

घरी बोलावलेला सोनार फ्रिडोल्फ म्हणाला, "वहिनी, खडे समुद्रापलीकडून येतात. हल्ली येतच नाहीत. लाल काच बसवतो. खाली चौकड्यांचा सोनेरी वर्ख घातला की अशी चमकेल, की खडा लाजेल."

सासू अंथरुणातून ओरडली, "काच मला लाव गं! खरे तू ठेव. आणि त्याला म्हणावं हात चालव, मी काय जन्मभर मरत बसू?"

काचेची जोडी आली आणि सासू समाधानाने गेली. पुरण्याआधी प्रेतावरचे दागिने तीन प्रतिष्ठित बायकांनी तपासायचे असत. प्रतिष्ठित, म्हणजे जिच्या खांद्यांवर ब्रोच आहेत ती. प्रमुखाची बायको इर्मिना प्रेतावर वाकली.

"अस्सल!" इर्मिना म्हणाली. बाकीच्या दोघींनी माना डोलावल्या. बर्टिलाचा जीव भांड्यात पडला.

मग तिघींनी बर्टिलाच्या खांद्यांकडे पाहिलं.

"हे काय गं? इतके काळपट? अस्सल खडा कसा लखलखतो, हा बघ." इर्मिनाने आपला खांदा पुढे केला. त्या लखलखाटात बर्टिलाला बारीक बुडबुडे दिसले. काचेत असतात तसे.

"अहो, हे सासूबाईंचेच..."

"मेलेलीच्या नावावर खोटं खपवू नकोस, बाई. मुलाकडच्यांना कळलं तर सोयरीक मोडेल."

बर्टिला तडक सोनाराकडे गेली. खडे काढून तिने काच बसवून घेतली.

"उशीर केलात, वहिनी," फ्रिडोल्फ म्हणाला. "बाकीच्या केव्हाच येऊन गेल्या."

लग्न थाटात झालं. घराणं अस्सल असल्याचं सगळ्यांनी मान्य केलं.

वाचकांनी यावर हसायला हरकत नाही. फक्त शेजारी कोणी हसतंय का, ते आधी पाहून घ्यावं. आपली रीत तीच आहे.