दामूशेठ विरुद्ध ओडिशा

लिफ्टमध्ये कुणी क्रिकेटचा स्कोअर विचारला, की दामूशेठ पुढच्याच मजल्यावर उतरतात आणि उरलेले मजले जिन्याने चढतात. वय एकाहत्तर, घर अकराव्या मजल्यावर, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. तरी उतरतात. उतरताना विचारणाऱ्याकडे असं बघतात, की त्या बिचाऱ्याला वाटावं आपण भर लिफ्टमध्ये काहीतरी अभद्र बोललो.

मी या सोसायटीची सेक्रेटरी. मूळची डोंबिवलीची. चार वर्षांपूर्वी माजिवड्याच्या या टॉवरमध्ये राहायला आले तेव्हा बिल्डर म्हणाला होता, शांत वस्ती आहे. दामूशेठबद्दल त्याने चकार शब्द काढला नव्हता. टॉवर उभा आहे ती जमीन दामूशेठची, इथे त्यांच्या वडिलांचं भाताचं शेत होतं. त्यामुळे सोसायटीचे नियम आपल्याला लागू नाहीत, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे. "म्याडम, तुमचा स्विमिंग पूल हाय ना, तिथं आमची म्हैस बसायची," असं ते मला भर मीटिंगमध्ये ऐकवतात. यावर काय बोलणार, कपाळ?

एकदा क्रिकेटची फायनल क्लबहाऊसमध्ये मोठ्या पडद्यावर दाखवायची ठरली. शेवटच्या पाच ओव्हर उरल्या आणि लाइट गेली. फक्त क्लबहाऊसची. मी तणतणत मीटर रूममध्ये गेले, तर मेन स्विचखाली खुर्ची टाकून दामूशेठ बसलेले. "लोड लय झालेला. आग लागली असती," म्हणाले. चेहऱ्यावरची माशी हलली नाही. अख्खी सोसायटी मात्र माझ्या अंगावर आली.

यांचं दैवत हॉकी. शाळेत ते गोलकीपर होते. पॅड कुठले मिळायला, नडगीला केळीच्या खांबाची सालं सुतळीने बांधून उभे राहायचे. "अर्धी सालं हाफटाइमला बकरी खायची," हे ते अजून अभिमानाने सांगतात. त्यामुळे मैदानावर गेले की प्रेक्षकांत बसणं त्यांना कमीपणाचं वाटतं. ते गोलच्या जाळीमागे उभे राहतात. हाफटाइमला टीम बाजू बदलते, तसे हेही छत्री घेऊन पलीकडे जातात. सोसायटीची प्रतिनिधी म्हणून मलाही तीनदा ओढून नेलंय, म्हणून सांगते.

आणि त्या जाळीपुढे गेली सात वर्षं एकच पोरगी. वैशाली. राहणारी खडवलीची, वडील नाहीत, आई अंगणवाडीत मदतनीस. शाळेच्या एका स्पर्धेत तिने बॉल सरळ अंगावर घेतला, पडली, आणि पडल्या पडल्या दुसरा अडवला, तो दामूशेठनी पाहिला. तेव्हापासून ते तिचे भक्त. पण भक्ती कसली, तर देवीला शिव्या घालायची. "डोले कुनाला दिलेस गो? उभी काय रायलीस, हलदीला आलीस काय?" पूर्ण मॅच हेच. तिने सहा गोल वाचवले तरी हे सातव्याचंच उगाळणार. मी एकदा म्हटलं, "दामूशेठ, एकदा तरी शाबास म्हणा पोरीला." तर माझ्यावरच उखडले. "शाबास म्हनायला ती काय क्रिकेट खेलते?"

वैशाली कधी उलटून बोलली नाही. मी असते तर हॉकी स्टिक घेऊन मागे लागले असते.

तर गेल्या महिन्यात एका सकाळी बेल वाजली. दारात दामूशेठ.

"म्याडम, लेटरहेड काढा. निषेध लिवायचाय."

"कशाचा?"

"वैशाली चालली. राउरकेल्याला नोकरी लागली तिला, खेलाडूंच्या कोट्यातून. आता तिकरंच खेलनार."

मी म्हटलं, "अहो मग पेढे वाटा. चांगलंच झालं की."

"काय चांगलं झालं? हितं नोकऱ्या मेल्या काय? घोडबंदर रोडला एवढी हापिसं हायत, एकाला गोलकीपर लागत नाय?"

"बरं, निषेध लिहायचा तो कुणाला?"

"ओडिशाला."

मी लिहिला नाही. ओडिशाने आमच्या सोसायटीचं काय वाकडं केलं होतं? पण पुढचे आठ दिवस या माणसाने उच्छाद मांडला. वॉचमनला धरून सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, गॅस पाइपचं रीडिंग घ्यायला आलेल्या माणसाला अर्धा तास उभं करून सांगितलं. "सात वर्सं उन्हात उभा रायलो. आनि ही चालली." मग माझंही डोकं सणकलं. एका बिनबापाच्या पोरीचं भलं होतंय आणि याच्या पोटात दुखतंय. मी लॉबीत सगळ्यांदेखत सुनावलं, "दामूशेठ, तुम्हाला तिच्या आयुष्यापेक्षा तुमचा टाइमपास मोठा झालाय. लाज वाटली पाहिजे." त्यांनी लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट आली, तीत शिरले आणि गेले. मला वाटलं, बरी जिरवली.

मग आला सत्कार. आमच्याकडे कुणी गावाबाहेर निघालं, की शाल-श्रीफळ दिल्याशिवाय त्याला सोडत नाहीत. इथल्या मंडळाने मैदानावर मांडव घातला आणि भलामोठा फ्लेक्स लावला. फ्लेक्सवर वैशालीचा पासपोर्ट फोटो, आणि तिच्या शेजारी, इंटरनेटवरून उतरवलेला, बर्फावर उभा असलेला कुणी गोरा गोलकीपर, पायात स्केट्स. दामूशेठ त्या फ्लेक्ससमोर पाच मिनिटं उभे राहिले. मग मंडळाच्या अध्यक्षाला बोलावून म्हणाले, "पोर ओडिशाला चालली का हिमालयात? माजिवड्यात बर्फ बघितलाय कवा, गोल्याच्या गाडीशिवाय?" अध्यक्ष म्हणाला, "काका, हॉकी टाकलं तर हेच आलं." त्यावर दामूशेठ जे बोलले ते मी लिहिणार नाही.

पाहुणे म्हणून आलेल्या पुढाऱ्यांनी कडी केली. "वैशालीताईंनी असेच चौकार-षटकार मारत राहावं" म्हणाले. मी पटकन दामूशेठांकडे बघितलं. ते उठले होते. पण तेवढ्यात माइक वैशालीच्या आईकडे गेला आणि ते होते तिथेच उभे राहिले.

बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा माइक धरला असावा. दोन्ही हातांनी, घट्ट.

"मला बोलता येत नाय," त्या म्हणाल्या. "मी पोरीला नको म्हटलेलं. एवढ्या लांब, ना ओळख ना पाळख. तर दामूशेठ आमच्या घरी आले. चार रविवार आले. चहा दिला तर घ्यायचे नाय, बोलायचे, आधी हो म्हण. मी म्हटलं, तिकडं ती राहील कुठं, खाईल काय, मला काय माहिती? तर गुपचूप उठून गेले. पंधरा दिवसांनी आले ते तिकडं जाऊनच आलेले. हॉस्टेल बघून आले, मेसमध्ये जेवून आले. मला बोलले, डाळ पातळ हाय पण भात चांगला हाय. वॉर्डन बाई कडक हाय. बाथरूमला आतून कडी हाय, मी स्वतः लावून बघितली. मग मी हो म्हटलं."

एवढं बोलून त्या खाली बसल्या.

मला मात्र आठवलं. दोन महिन्यांपूर्वी हे गृहस्थ आठवडाभर गायब होते. मला सांगितलं होतं, भाच्याकडे पेणला जातो. आणि मी यांची भर लॉबीत लाज काढली होती.

सत्कार संपल्यावर ते फाटकाशी चपला शोधत होते. मी जवळ गेले. माफी मागायची होती, पण तोंडातून निघाली ती तक्रारच. "तुम्हीच पाठवलीत तिला. मग आठ दिवस हा तमाशा कशासाठी? आणि मी एवढं बोलले, तेव्हा गप्प का बसलात?"

"धाडायलाच पायजे व्हती," ते म्हणाले. "हितं रायली असती त मातीत गेली असती पोर. पन धाडली म्हनून मना बरं वाटलं पायजे, असं कुनी सांगितलं? मना नाय बरं वाटत."

तेवढ्यात वैशाली आली आणि वाकून पाया पडली. तिच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "डावीकरचा बॉल अजून सोडतेस तू. तिकरं जाऊन आमची इज्जत घालवू नकोस." ती म्हणाली, "नाही सोडणार, काका." आणि रडू आवरत आईकडे गेली.

ते तिच्याकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "घरात सात माणसं हायत, म्याडम. सगली गुनी. जेवायला वाढतात, औषध देतात, मी बोलाय लागलो का मान हलवतात आनि मोबाइल बघतात. त्यांचा दोष नाय, म्हाताऱ्याचं कोन ऐकतं? ह्या पोरीनं सात वर्सं ऐकलं."